वजन परत का येते? लठ्ठपणावरील पुनर्शस्त्रक्रियेचा इतिहास (धागा)

१/ जालना म्हटले की पोलाद, बियाणे आणि मोसंबी डोळ्यांपुढे येते. ‘जालना सोने का पालना’ अशी जुनी म्हणही आहे. पण याच भूमीने १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळही सोसला आहे. अशा जिल्ह्याच्या वाचकाने लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा, त्यातही ती दुसऱ्यांदा करावी लागण्याचा इतिहास का वाचावा? उत्तर धाग्याच्या मध्यावर येईल.

२/ आधी संज्ञा स्पष्ट करू. वजन घटवण्यासाठी जठरावर किंवा आतड्यावर केलेल्या शस्त्रक्रियेला बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. ती अपुरी ठरली, तिच्यातून नवा त्रास उद्भवला किंवा वजन परत आले, तर केली जाणारी दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे रिव्हिजन, अर्थात पुनर्शस्त्रक्रिया.

३/ वजन परत आले की समाजाचा निवाडा तयार असतो : ‘जिभेवर ताबा नाही’, ‘पैसे पाण्यात गेले’. रुग्णही स्वतःला अपराधी मानू लागतो आणि लाजेने डॉक्टरांकडे जाणेच सोडतो. गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास या निवाड्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

४/ आरंभ उपासमारीपासून करू. १९४४-४५ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ स्वयंसेवक तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धोत्तर युरोपातील भुकेल्यांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे त्यांना शोधायचे होते. प्रयोगात दिसले ते असे : वजन घटताच शरीर ऊर्जेचा खर्च कमी करते, मन अन्नाभोवती घुटमळते आणि अन्न मिळू लागताच चरबी आधी परत येते.

५/ त्याच विद्यापीठातून १९५४ मध्ये क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांचा शोधनिबंध आला. लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून टाळला, तर अन्न कमी शोषले जाते आणि वजन घटते, असा त्याचा आशय होता. आधुनिक बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेची कथा बहुधा येथून सांगितली जाते.

६/ यानंतरचा प्रसंग या धाग्याचा गाभा आहे. लॉस एंजेलिसचे पेन आणि डीविंड यांनी लहान आतड्याचा वरचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडला. वजन इच्छित पातळीवर आले की जोडणी पूर्ववत करायची, म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया पहिल्या दिवसापासूनच योजनेत होती. १९६३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची आतडी पूर्ववत जोडली, त्यांचे वजन परत आले.

७/ याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. तीच माणसे, तेच डॉक्टर. बदलली ती केवळ आतड्याची जोडणी, आणि वजन पूर्वस्थानी गेले. लठ्ठपणा हा काही महिन्यांत ‘बरा’ होऊन संपणारा विकार नसून जन्मभर सांभाळावा लागणारा आजार आहे, याचा हा आरंभीचा ठोस पुरावा होता.

८/ पेन-डीविंड यांनी पुढे जोडणी बदलली. १९६९ च्या त्यांच्या पद्धतीत लहान आतड्याचे वरचे १४ इंच आणि शेवटचे ४ इंच एवढेच वापरात राहत. वजन घटले, परंतु अतिसार, मूतखडे, जीवनसत्त्वांची तूट आणि कित्येकांत यकृताचा ऱ्हास झाला. अनेकांना ती शस्त्रक्रिया उलटवावी लागली. येथे पुनर्शस्त्रक्रिया वजनासाठी नव्हती, जीव वाचवण्यासाठी होती.

९/ दरम्यान आयोवाचे एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आले की, अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन सहसा वाढत नाही. त्यावरून त्यांनी चिकाशी इतो यांच्यासह १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास केला. १९८० च्या सुमारास त्यांनीच जठराला स्टेपलची उभी रेघ मारून वर छोटी पिशवी करण्याची पद्धत आणली. कालांतराने काहींची ती रेघ उसवली आणि पिशवी पुन्हा मोठ्या जठराशी जोडली गेली.

१०/ मग सिलिकॉनचा पट्टा आला. लुबोमिर कुझमाक यांनी १९८६ मध्ये आतून फुगवता येणारा पट्टा वापरला. २००१ मध्ये अमेरिकेत अशा पट्ट्याला मान्यता मिळाली. कापाकापी नाही, काढताही येतो, म्हणून तो लोकप्रिय झाला. पण पट्टे सरकले, काहींचे जठरात रुतले. पट्टा काढून बायपास किंवा स्लीव्ह करणे हा पुनर्शस्त्रक्रियेचा नेहमीचा प्रकार बनला.

११/ स्लीव्हची जन्मकथा वेगळी आहे. २००० च्या सुमारास मिशेल गॅनेर यांनी अतिस्थूल रुग्णांसाठी शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत विभागली : आधी जठराची बारीक नळी करायची, धोका कमी झाल्यावर आतड्याचे काम करायचे. काही रुग्णांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही आणि पहिला टप्पाच स्वतंत्र शस्त्रक्रिया ठरला.

१२/ आता आकडे पाहू. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनच्या दीर्घ अभ्यासात पहिल्या एक-दोन वर्षांत बायपासने सरासरी ३२ टक्के वजन घटले. दहा वर्षांनी घट २५ टक्के उरली. स्टेपलच्या पद्धतीत ती २५ वरून १६ वर, पट्ट्याने २० वरून १४ वर आली. म्हणजे थोडे वजन परत येणे हाच नियम आहे. त्याच अभ्यासाने २००७ मध्ये दाखवले की शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी होते.

१३/ आता जालन्याकडे वळू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. हाड-स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. गर्भातच तुटवडा सोसलेले शरीर पुढे सुबत्तेत मधुमेहाकडे लवकर झुकते, अशी ही मांडणी.

१४/ २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर युडकिन यांचे छायाचित्र छापले गेले. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के! आपल्याकडे शस्त्रक्रियेची बीएमआय मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा कमी धरतात, त्यामागे हेच वास्तव आहे. दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्याशी हा इतिहास असा जोडलेला आहे.

१५/ महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोहोचला तो २०१७ मध्ये. इजिप्तच्या इमान अहमद यांना ११ फेब्रुवारीला मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या चमूने स्लीव्ह केली ती ७ मार्चला. मधले तीन-साडेतीन आठवडे आहार आणि तयारीचे होते. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला अबुधाबीत त्यांचे निधन झाले. एवढ्या जुन्या आजारापुढे एक शस्त्रक्रिया किती पुरेशी, हा प्रश्न त्या मागे ठेवून गेल्या.

१६/ तयारीचे शास्त्र या साऱ्या अपयशांतून घडले. पहिला प्रश्न : वजन का वाढले? पिशवी पसरली, जोडणी रुंदावली, की शरीररचना ठीक असून भूक, औषधे, झोप किंवा नैराश्य कारण आहे? त्यासाठी जठराची एंडोस्कोपी आणि बेरियमचा एक्स-रे लागतो. रचनेत दोष नसेल, तर आहार, समुपदेशन आणि नवी औषधे आधी, सुरी नंतर.

१७/ दुसरी गोष्ट जुनी कागदपत्रे. पहिल्या वेळी नेमके काय कापले, काय जोडले, हे लिहिलेला शस्त्रक्रियेचा अहवाल म्हणजे सर्जनचा नकाशाच. जुन्या जखमेमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, रक्तपुरवठा बदललेला असतो. म्हणून दुसऱ्या वेळी गळतीचा धोका अधिक. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना दस्तऐवजाचे मोल सांगायला नकोच.

१८/ मग शरीराची तूट भरणे : लोह, बी-१२, बी-१, ड जीवनसत्त्व, प्रथिने. तंबाखू-धूम्रपान बंद. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात. त्याने यकृत आकसते आणि जठरापर्यंत पोहोचणे सुकर होते. मधुमेहाच्या औषधांचे प्रमाण या काळात डॉक्टरांनीच बदलायचे असते.

१९/ शस्त्रक्रियेनंतर शक्य तितक्या लवकर चालणे, कारण पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. आहार पायऱ्यापायऱ्यांनी : आधी पाण्याचे घोट, मग ताक आणि वरणाचे पाणी, मग घोटलेली मुगाची डाळ, मग मऊ अंडे-पनीर, भाकरी पुष्कळ नंतर. दिवसाला ६० ग्रॅम किंवा अधिक प्रथिने हे उद्दिष्ट असते.

२०/ आणि मोसंबी? जालन्यात आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबी नेण्यात मोठे प्रेम असते. पण बायपासनंतर गोड रस एकदम पोटात गेला, तर तो झपाट्याने आतड्यात उतरतो : घाम, धडधड, चक्कर, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. प्रेम तसेच राहू द्यावे. रसाचा पेला डॉक्टरांच्या संमतीपर्यंत थांबवावा.

२१/ ताप, नाडी सतत जलद, धाप, वाढती पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात कळ ही गळतीची चिन्हे असू शकतात. अशा वेळी रात्र काढू नये. उलट्या थांबत नसतील, तर बी-१ ची तूट मेंदूला इजा करते. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी ते जीवनसत्त्व द्यावे लागते. बायपास झालेल्याने नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, अल्सर होतो.

२२/ मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून भोकरदन-परतूरला परतलेल्या रुग्णासाठी खरी परीक्षा येथे असते. सर्जन शेकडो किलोमीटर दूर, रात्री दार उघडतो तो गावचा डॉक्टर. म्हणून शस्त्रक्रियेचा अहवाल आणि ही धोक्याची चिन्हे त्या गावच्या डॉक्टरांकडे आधीच पोहोचलेली हवीत.

२३/ १९६३ मध्ये पूर्ववत झालेली आतडी आणि परतलेले वजन पाहून सर्जनांनी आपली पद्धत बदलली, कारण दोष पद्धतीत शोधायचा हे त्यांनी मान्य केले. आपल्या ओळखीत कोणाचे वजन परत आले असेल, तर त्यांना ‘काय खाल्लेत?’ असे विचारण्याआधी ‘तपासणीला सोबत येऊ का?’ एवढे विचारावे.

(धागा समाप्त. शंका आणि दुरुस्त्या खाली अवश्य मांडा.)