मर्सिडीज, फियाट आणि दादांचं चुंबक

परवा रात्री नागभीडहून पुतण्याचा फोन आला. "काका, मर्सिडीज मिळून राहिली. ९५ ची. नव्या स्कूटीच्या दीडपट पैशात!" पाठोपाठ मोबाईलवर अकरा फोटो. काळी ई-२२०, मुंबईचा नंबर, पुढे तो तारा. खरं सांगतो, मलाही क्षणभर मोह झाला. मग आठवली आमची फियाट.

पण आधी या मर्सिडीजची जन्मकथा, कारण गाडीत काय तपासायचं ते तिच्यातच दडलंय.

आपल्याकडे कित्येक वर्षं नवी मोटार म्हणजे नंबर लावून वाट बघायची वस्तू होती. १९५९ च्या एका सरकारी आदेशाने तर नवी गाडी घेतल्यावर दोन वर्षं परवानगीशिवाय विकायलाही बंदी होती. नव्यासाठी रांग असल्याने जुनीला सोन्याचा भाव. परदेशी मोठी गाडी हवी असेल तर वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन विकायचं, त्या घ्यायच्या. म्हणजे भारतातली 'लक्झरी' बराच काळ सेकंडहँडच होती म्हणा ना. १९८४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा आली. अंगाने ऐसपैस, पण सुरुवातीला इंजिन अँबॅसडरचंच! पुढे इसुझूचं आलं तेव्हा कुठे ती पळायला लागली.

मग १९९४ ला मर्सिडीजची भारतातली कंपनी स्थापन झाली आणि १९९५ मध्ये पुण्याजवळ, टेल्कोच्या आवारात, ई-क्लास जुळू लागली. गंमत अशी, की हे मॉडेल मूळचं १९८४ चं. जर्मनीत त्याच वर्षी त्याच्या जागी नवीन मॉडेल आलं. आपल्याकडच्या श्रीमंत गिऱ्हाइकांच्या ते लक्षात आलं आणि विक्री यथातथाच झाली. गाडी मात्र लोखंडासारखी. इंजिन लाखो किलोमीटर चालतं. दुखणं वेगळ्याच ठिकाणी आहे.

पहिलं दुखणं वायरिंग. त्या दोनतीन वर्षांत मर्सिडीजने इंजिनच्या वायरींवर पर्यावरणाला सोयीचं, आपोआप कुजणारं आवरण वापरलं. ते इंजिनच्या उष्णतेने वायर गाडीत असतानाच कुजायला लागलं :) आवरण बोटाने दाबलं की बिस्किटासारखं चुरतं, तारा एकमेकींना चिकटतात आणि गाडी झटके देते. तेव्हा बॉनेट उघडून आधी हे बघायचं. पूर्ण जुडगा बदलल्याची पावती दाखवली तर उत्तम, नाहीतर तो खर्च किमतीतून वजा. त्यात आपला धानाचा पट्टा. गाडी शेडमध्ये उभी राहिली की उंदरांचा मुक्काम ठरलेला.

दुसरं म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना ते सक्तीचं झालं, आणि शिसंविरहित पेट्रोलही आधी तिथेच मिळू लागलं. देशभर ते पोचलं १ फेब्रुवारी २००० ला. म्हणजे मुंबईची अशी गाडी मधल्या पाच वर्षांत कुणी आपल्याकडे आणून साधं पेट्रोल पाजलं असेल, तर त्या कन्व्हर्टरचं कधीच राम नाम सत्य झालं असणार. मला हे फार आवडतं, गाडीच्या पोटात देशाचा इतिहास अडकून बसलेला!

दारांचं सेंट्रल लॉकिंग हवेच्या ओढीवर चालतं, नळ्या फाटल्या की एखादं दार रुसतं. ते चालेल. दार रुसल्याने कुणी मरत नाही.

ब्रेकने मरतं. इथे फियाट.

दादांनी १९७९ मध्ये १९६७ ची फियाट ११०० घेतली. मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली, आमच्याकडे आली तेव्हा तिचे तीन मालक झालेले. दादा हुशार. रेडिओच्या जुन्या स्पीकरचं चुंबक रुमालात गुंडाळून घेऊन गेले आणि पत्र्यावरून फिरवलं. जिथे चिकटलं नाही तिथे खाली पुट्टी. तीन ठिकाणी पुट्टी निघाली, तेवढे पैसे कमी करून घेतले. इंजिनचा आवाज ऐकला, धूर बघितला. ब्रेक दाबून बघितले, लागले. चाक खोलून मात्र कुणी बघितलं नाही.

दोन महिन्यांनी उमरेडकडून परत येताना, नागभीडच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे ब्रेकचं पेडल एकदम खाली गेलं. मागे आई आणि मी. फाटक बंद, समोर बैलगाडी. दादांनी हँडब्रेक ओढत गाडी कडेच्या बांधीत घातली. आईच्या कपाळाला तीन टाके पडले. चाकाजवळच्या सिलिंडरचं रबर सडलं होतं, सगळं तेल गळून गेलेलं. रबर काही रुपयांचं. नॅरो गेजची छोटी गाडी (१९०८ ची, २०१९ मध्ये बंद झाली) समोरून डुलत गेली आणि डब्यातले लोक आम्हाला बघत होते, एवढं अजून डोळ्यासमोर आहे.

म्हणून पुतण्याला सांगितलंय, की गाडीची किंमत एकीकडे आणि ब्रेकचे पैसे दुसरीकडे. रबरी नळ्या, सील, ब्रेक ऑइल सगळं नवीन. ते तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, दिसायला चांगलं असलं तरी टाकून द्यायचं. टायरवर चार आकडे असतात, '२३१८' म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, वय बघायचं. रेडिएटरच्या नळ्या आणि बेल्टही बदल.

आणि कागद. १९९५ ची नोंदणी पंधरा वर्षांनी, २०१० ला संपली. मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे २०२५ चं झालंय का? फी २०२२ मध्ये ६०० ची ५,००० झाली, वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये आणखी वाढली. चेसिस नंबर कागदाशी स्वतः ताडून बघ. बँकेचा बोजा उतरलाय का, तेही. नाव लगेच लावून घे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय, की कागदावर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. विकणाऱ्यालाही हे ऐकव, तोच घाई करेल.

एवढं सगळं ऐकून पुतण्या जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आजीला नाही सांगत अजून." आई नव्वदीला टेकली, पण गाडी म्हटलं की हात अजून कपाळाकडे जातो.

रविवारी तो ब्रह्मपुरीच्या मिस्त्रीला घेऊन नागपूरला गाडी बघायला जाणार आहे. चाकं खोलून दाखवायला विकणारा तयार झालाय म्हणे. दादांचं चुंबक माझ्या कपाटात आहे, ते उद्याच्या कुरियरने धाडतोय.