विद्युत् लाट संरक्षण, इमारतींमधील

विद्युत् लाट संरक्षण, इमारतींमधील : वीज कोसळल्यामुळे किंवा मोठी विद्युत् मंडले उघडमिट केल्यामुळे पुरवठ्याच्या तारांवर क्षणमात्र टिकणारा, परंतु नेहमीच्या अनेक पट असलेला विद्युत् दाब उद्‌भवतो. त्यास लाट म्हणतात. तिच्यापासून इमारतीतील विद्युत् मांडणीचे रक्षण करण्याचा इतिहास तडित् संवाहकाच्या इतिहासाशी निगडित आहे. तथापि या दोहोंचे प्रश्न भिन्न आहेत, आणि हा भेद स्पष्ट होण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या कल्पनेतून अठराव्या शतकात प्रचारात आलेला, जमिनीला जोडलेला धातूचा दांडा इमारतीला आगीपासून वाचवितो. बाहेरची तार आत आणल्यास काय होते, याचा भीषण प्रत्यय ६ ऑगस्ट १७५३ रोजी सेंट पीटर्झबर्ग येथे आला. गेओर्ख व्हिल्हेल्म रिखमान यांनी मापनासाठी छपरावरील दांड्यापासून घरात तार आणली होती व ती जमिनीपासून अलग ठेवली होती. वादळात निरीक्षण करीत असता विजेच्या आघाताने ते तत्काळ मरण पावले. दांडा जमिनीला जोडलाच पाहिजे, एवढाच बोध त्या वेळी घेतला गेला.

पुढे तारायंत्राच्या लांबलचक तारा कचेऱ्यांत शिरल्या, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यावर तारेला जोडलेली एक व जमिनीला जोडलेली दुसरी अशा दोन पट्ट्या अगदी जवळ समोरासमोर ठेवण्याची युक्ती रूढ झाली. दाब वाढताच मधल्या फटीतून ठिणगी पडे व यंत्र बचावे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७६ मध्ये या प्रश्नाचे मर्म सांगितले. इमारतीभोवती संवाहकाचे वेष्टन असल्यास आतील सर्व वस्तूंचे वर्चस् एकदमच चढते व उतरते. म्हणून बाहेरून आत येणारा प्रत्येक नळ व तार त्या वेष्टनास जोडणे अवश्य आहे. ऑलिव्हर लॉज यांनी १८८८ मध्ये आणखी एक समजूत खोडून काढली. जाड तांब्याची तार उपलब्ध असतानाही विसर्जन हवेच्या फटीतून उडी घेते, हे त्यांनी लायडन पात्राच्या साहाय्याने दाखविले. येथे तारेच्या रोधापेक्षा प्रवर्तकता निर्णायक असते : दर मायक्रोसेकंदास १०,००० अँपिअर या त्वरेने वाढणारा प्रवाह एक मीटर तारेत सु. १०,००० व्होल्ट दाब निर्माण करतो. लाट संरक्षकाच्या जोडतारा शक्यतो अर्ध्या मीटरहून अधिक नसाव्यात, या आजच्या दंडकाचे कारण हेच आहे. प्रत्यक्ष काम करताना त्याकडे दुर्लक्ष होते आणि चांगले साधनही निरुपयोगी ठरते.

नळ कायमचा जमिनीला जोडता येतो. वीजपुरवठ्याची दाबयुक्त तार तशी जोडता येत नाही. साधी फटही येथे अपुरी पडते, कारण लाट ओसरल्यावरही ठिणगीच्या मार्गाने पुरवठ्याचा प्रवाह वाहत राहतो. म्हणून एरवी निरोधक व लाटेच्या क्षणी संवाहक होणारा पदार्थ हवा होता. १९३० च्या सुमारास प्रचारात आलेल्या सिलिकॉन कार्बाइडाच्या चकत्या नेहमीच्या दाबालाही थोडा प्रवाह जाऊ देत. त्यामुळे त्यांच्या जोडीला फट ठेवावीच लागे. जपानमध्ये मिचिओ मात्सुओका यांनी १९६० नंतरच्या दशकाअखेर विकसित केलेल्या झिंक ऑक्साइडाच्या मृत्तिका पदार्थाने ही अडचण दूर झाली. त्यात अल्प प्रमाणात बिस्मथ ऑक्साइडादी द्रव्ये असतात. कणाकणांमधील प्रत्येक सीमा सु. ३ व्होल्टपर्यंत प्रवाह अडविते व त्यापुढे एकदम वाट देते. साहजिकच चकतीची जाडी बदलून हवा तो दाब निवडता येतो. मुख्य वितरण फलकात बसविल्या जाणाऱ्या लाट संरक्षकांत सामान्यतः हाच पदार्थ असतो.

वारंवार लाटा झेलून ही चकती क्षीण होते, तिच्यातून झिरपणारा प्रवाह वाढतो व ती तापते. यास्तव तिला उष्णतेने आपोआप विलग होणारा जोड देतात. लाट संरक्षक सर्व प्रकारच्या अतिदाबावर चालतो, असा समज मात्र चुकीचा आहे. त्रिकला पुरवठ्यातील उदासीन तार तुटल्यास २३० व्होल्टच्या उपकरणांना ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो, आणि तो मायक्रोसेकंद नव्हे, तर तासन्‌तास टिकू शकतो. अशा वेळी चकतीच जळते. त्यासाठी पुरवठा खंडित करणारे वेगळे साधन बसवावे लागते.