जाळरेषा: एका रिकाम्या पट्ट्याची कुळकथा

ठाकुर्ली-डोंबिवलीच्या पूर्वेला मलंगगडाची रांग आहे. माघ उलटला की तिच्या उतारांवरचं गवत पिवळं पडतं आणि फाल्गुनातल्या एखाद्या रात्री त्यावर आगीची वाकडी माळ सरकताना दिसते. वन आणि दव हे वणव्याचे दोन धागे. दव म्हणजे रानातली आग. प्राकृतातला ‘वणदव’ आणि आपला ‘वणवा’ एकाच घरातले. शब्द इतका जुना, तेव्हा उपायही जुनाच असणार. आज मात्र वणव्याची बातमी आली की डोळ्यांपुढे येतं ते पाणी ओतणारं हेलिकॉप्टर. वस्तीलगतचा वणवा खरोखर कशाने अडतो, याचं उत्तर आभाळात शोधण्याआधी जमिनीवरच्या एका रिकाम्या पट्ट्यात शोधावं लागतं. वनखात्याच्या बोलीत त्याला जाळरेषा म्हणतात. आगीला मिळणारा वारा आणि ऊन रोखणं आपल्या हाती नाही, पण तिचं खाद्य काढून घेणं आहे. ही रेषा त्याच एका विचारावर उभी आहे.

हा विचार लिखित रूपात फार मागे सापडतो. अर्धमागधीतल्या ‘ज्ञाताधर्मकथा’ या जैन आगमात मेरुप्रभ नावाच्या हत्तीची गोष्ट आहे. वणव्याने पोळलेला हा हत्ती योजनभर जागेतली झाडं, वेली, गवत, काटक्या उपटून मोकळं मंडल करतो आणि पावसाळ्यात पुन्हा रुजलेलं गवत परत परत काढतो. पुढे आग लागते तेव्हा रानातले सगळे प्राणी त्या मंडलात जीव वाचवायला येतात. गोष्ट करुणेची आहे, पण तिच्यातला तपशील अनुभवाचा आहे: पट्टा एकदा काढून भागत नाही, दर वर्षी राखावा लागतो. पाली विनयपिटकातल्या चुल्लवग्गात याची दुसरी बाजू दिसते. भिक्खूंनी रानाला आग लावू नये असा नियम तिथे आहे आणि त्याला लगेच अपवादही आहे. वणवा विहाराकडे येत असेल, तर समोरून ‘पटग्गि’, म्हणजे प्रतिआग, लावायला परवानगी दिली आहे. येणारी आग जळून गेलेल्या जागेशी पोचते आणि उपाशी मरते. वस्ती वाचवण्यासाठी आगीनेच आग अडवण्याचं हे तंत्र इतकं सर्वांच्या माहितीतलं होतं, की त्यासाठी नियमात जागा करावी लागली.

ठाणे जिल्ह्यात हीच विद्या भातशेतीत मुरली होती. रोपं टाकण्याच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या यांचे थर रचून राब भाजतात. राब पेटवायचा तो वारा जिकडे जातो त्या कडेने. मग आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते, माती नीट भाजते आणि जाळ बांधापलीकडे उडत नाही. जाळरेषा जाळतानाही हेच शहाणपण लागतं. इंग्रजी वनखात्याने १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात पिअरसन या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आगीपासून पद्धतशीर संरक्षण सुरू केलं आणि रेषा काढणं हे सरकारी काम झालं. पण त्याच व्यवस्थेत रानाशेजारी राहणारा माणूस आधी संशयित ठरला. राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं आली, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी उठल्या आणि १८८५ साली मुंबई सरकारला त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातही दोन्ही गोष्टी शेजारी बसल्या आहेत: राखीव वनात आग लावणं हा गुन्हा आणि वनात हक्क असणाऱ्याने आग विझवायला मदत करणं हे कर्तव्य.

विमान या कुळात फार उशिरा आलं. १९१९ मध्ये कॅलिफोर्नियात लष्करी विमानं आग शोधण्यापुरती फिरू लागली. १९५५ मध्ये तिथेच विलोज गावी शेतीफवारणीच्या एका विमानात सुमारे ६४० लिटरची टाकी बसवून जळत्या रानावर पाणी टाकलं गेलं. आज मोठी विमानं जो लाल द्रव टाकतात, तो मुख्यतः ज्वाळांवर टाकत नाहीत. आगीच्या पुढे, अजून न जळलेल्या झाडोऱ्यावर त्याची लांब पट्टी ओढतात, म्हणजे आगीला तिथलं खाद्य सहज मिळत नाही. ती आभाळातून काढलेली जाळरेषाच. भारतात आभाळातून पाणी टाकण्याचं काम हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरखाली लटकणाऱ्या बादल्या करतात. मार्च २०२२ मध्ये सरिस्काच्या आगीसाठी सिलिसेढ तलावातून पाणी उचललं गेलं. एप्रिल २०२४ मध्ये नैनीतालजवळ आग वसाहतींपर्यंत आली तेव्हा भीमताल तलावातून. हे पाणी ज्वाळा खाली बसवतं, माणसांना जवळ जायला वेळ मिळवून देतं. खोडातला, मुळातला, शेणातला निखारा मात्र हाताने उलथावा लागतो. हिरव्या डहाळ्यांनी कड झोडपणारा वनमजूर आणि पाला उडवून रेषा मोकळी करणारं ब्लोअर यंत्र नसेल, तर सकाळी विझलेला डोंगर दुपारच्या वाऱ्यात पुन्हा पेटतो.

जाळरेषेवर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला असा की वारा जोराचा असला की निखारे रेषा ओलांडतात. हे खरं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव उडत्या निखाऱ्यांनी पेटलं आणि त्या आगीत ८५ माणसं गेली. पण त्यातून निघालेला धडा घराभोवतीचं अंगण, छप्पर, पन्हळी पाल्यापासून मोकळ्या ठेवण्याचा आहे. म्हणजे रेषा डोंगरावरून दारापर्यंत आणण्याचा. दुसरा आक्षेप असा की पट्टे जाळल्याने माती उघडी पडते आणि गवतात राहणारे जीव मरतात. म्हणून आधी गवत कापून चाऱ्याला द्यावं, जाळायचं तेवढी अरुंद कड जाळावी आणि ती वेळेत जाळावी. तिसरा आक्षेप सर्वांत जुना: वणवे माणसंच लावतात, मग राखण त्यांच्यावर कशी सोपवायची? बहुतेक आगी माणसामुळेच लागतात हे निर्विवाद आहे. पण वाऱ्याच्या कोणत्या कडेने पेटवायचं हे ज्याला कळतं, त्यालाच आग कुठे थांबवायची तेही कळतं. त्याला संशयित धरून दूर ठेवलं तर रानाजवळ आग ओळखणारा कोणी उरत नाही.

२००४ पासून देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या नजरेतून आगीच्या सूचना देते. ही मोठी सोय आहे, पण सूचना मिळते ती पेटल्यावर. महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरतात. रेषेचं काम त्याच्या आधी संपलेलं असायला हवं. कल्याण-डोंबिवलीच्या इमारती आता डोंगराच्या दिशेने सरकत आहेत आणि ठाण्यात येऊरच्या जंगलाला शहर भिडलंच आहे. दाराशी वणवा आल्यावर हेलिकॉप्टर मागणं रास्तच आहे. त्याच निकडीने, थंडी असतानाच, आपल्या डोंगराची रेषा निघाली का आणि ती काढणाऱ्या हंगामी मजुराला वेळेवर मजुरी, जाड बूट आणि पिण्याचं पाणी मिळालं का, हे विचारलं पाहिजे. मेरुप्रभाच्या मंडलात प्राण्यांना आसरा मिळाला, कारण आग लागायच्या कितीतरी आधी, पावसाळ्यात, तो गवत उपटत होता.