चांद्याचा परकोट आणि झाडूचे काम

चंद्रपूरला किल्ला कुठे आहे, असे बाहेरगावचा माणूस विचारतो, तेव्हा त्याला सांगावे लागते की बाबा रे, तू किल्ल्यातच उभा आहेस. जुने शहर सगळे तटाच्या आत. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, पाच खिडक्या (खिडकी म्हणजे इथे लहान दरवाजा, हवेसाठीची नव्हे) आणि सुमारे 11 किलोमीटरचा परकोट. दरवाजांवर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे, हत्तीवर मात करणारा सिंह. जटपुऱ्याच्या गर्दीतून रोज जाणाऱ्यांपैकी किती जण मान वर करून ते पाहतात, हा प्रश्न आपण तूर्त सोडून देऊ.

दंतकथा तुम्ही ऐकली असेल. खांडक्या बल्लाळशाह शिकारीला गेला, तर उलटेच घडले. ससा कुत्र्याच्या मागे लागला. राणीने तो शकुन मानला आणि ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट बांधायला सांगितले. ही कथा खरी की खोटी, यात आम्हाला फारसा रस नाही. तिच्यात एक गोष्ट मात्र बरोबर धरली आहे: हा तट एकदम झाला नाही. पाया एका राजाचा, पूर्णता कित्येक पिढ्यांनंतर धुंड्या रामशाहाच्या काळातली. मधल्या लोकांनी फक्त चालू ठेवले. पुढे 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी गोंडांचे राज्य घेतले. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि शहर पडले. त्या दिवशी तट बेकार झाला म्हणा ना. शत्रू अडवण्याचे काम संपले आणि दुसरे काम कोणी दिले नाही.

काम नसलेल्या भिंतीचे काय होते? कोणी तिला पाठ लावून घर बांधतो, कोणी पलीकडे कचरा टाकतो, आणि दगडांच्या सांधीत पिंपळ उगवतो. कागदावर ती केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित झाली. पण ‘सरकारची आहे’ या वाक्याचा आपल्याकडे रोजच्या बोलीतला अर्थ ‘आपली नाही’ असाच असतो.

मार्च 2017 मध्ये इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुण मुलांनी हातात विळे, फावडी, झाडू घेऊन तटावरची झुडपे आणि कचरा काढायला सुरुवात केली. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे, त्याला मार्चनंतर काय येते ते सांगायला नको. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या कामाचा उल्लेख केला. दोनशे दिवस चाललेले काम, असा. कौतुक योग्यच होते. पण ‘दोनशे दिवस’ या शब्दांपाशी आम्ही थोडे अडखळतो.

बघा, याच जिल्ह्यात श्रमदानाची मोठी परंपरा आहे. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून तरुण येत आले. तिथे बांध घातला, तळे खणले की ते दिसते. मुलगा दहा वर्षांनी येऊन म्हणू शकतो, हे मी केले. तट झाडण्याचे तसे नाही. एक पावसाळा गेला की गवत पुन्हा कमरेएवढे. हाना आरेन्ट यांनी श्रम आणि निर्मिती असा भेद केला होता: निर्मितीतून वस्तू उरते, श्रमातून काही उरत नाही, ते उद्या पुन्हा करायचे असतात. भांडी घासण्यासारखे. घराघरांतल्या बायांना हे आरेन्टबाईंनी सांगावे लागले नाही! पण भांडी घासण्याचे दिवस कोणी मोजत नाही. जतन हे त्या जातीचे काम आहे, आणि आपण त्याचे कौतुक मात्र विक्रमासारखे करतो.

दुसरी अडचण हाताच्या उत्साहाची. तटातला पिंपळ दिसला की ओढून काढावासा वाटतो. ओढला तर मुळांबरोबर दगड येतात, आणि दोन पावसाळ्यांत बुरुजाचा तो कोपरा खाली. नुसता छाटला तर तो दुप्पट जोमाने फुटतो. म्हणून तो कापायचा, बुंधा औषधाने मारायचा, मुळे वाळू द्यायची आणि मग सांध चुन्याने भरायची. सिमेंटने नाही. सिमेंट चुन्याहून कडक, ते ओल बाहेर जाऊ देत नाही, मग दगडच झिजतो. शिवाय संरक्षित वास्तूत दगड बसवण्याचा अधिकार या मुलांना नाही, तो खात्याचा. म्हणजे वीस वर्षांच्या पोराला आपण सांगतो, तू घाम गाळ, पण इथे हात लावू नकोस. हे शिकणे आम्हाला झाडण्याहून अवघड वाटते. फार अवघड.

आणि तटाशेजारी राहणारी माणसे? 2010 च्या कायद्यातील दुरुस्तीने संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम बंद झाले, दुरुस्तीलाही परवानगी लागते. ज्या शहराची वास्तूच 11 किलोमीटर लांब आहे, तिथे या पट्ट्यात किती घरे येत असतील याचा विचार करा. लेकाचे लग्न ठरले तरी वर खोली चढवता येत नाही. अशा घरातल्या माणसाला ‘वारसा’ शब्द ऐकून आनंद होईल असे आपण कशावरून धरतो? भल्या पहाटे झाडू घेऊन त्याच्या परसात उतरणारा मुलगा त्याला खात्याचाच माणूस वाटू शकतो.

तरीही या दोघांची भेट तिथेच होते, तटाच्या पायथ्याशी. खात्याची नोटीस टपालाने येते. ही मुले स्वतः येतात, पाणी मागतात, कचरा उचलतात, पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. पुढे तटावरून लोकांना फिरवून आणण्याचा उपक्रमही सुरू झाला. दोनशे वर्षांनी भिंतीला काम मिळाले, चालण्याची वाट म्हणून. त्या वाटेवरून खाली पाहिले की एका बाजूला झरपट दिसते आणि दुसऱ्या बाजूला लोकांची वाळत घातलेली धुणी. ही धुणी चित्रातून काढून टाकायची की नाही, यावर आता तुमचे प्रश्न घेऊ.