कंपनी सरकारचा रुपया आणि नगरचे कर्जरोखे

पेशवाईच्या अखेरीनंतर, १८१८ मध्ये, नगर (आजचे अहिल्यानगर) ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली आले आणि कॅप्टन हेन्री पॉटिंजर यांच्याकडे तेथील कलेक्टरी सोपवली गेली, तेव्हा दख्खनचे कमिशनर एल्फिन्स्टन यांचे जाहीर धोरण जुनी वहिवाट शक्यतो न मोडण्याचे होते. परंतु गावाऐवजी प्रत्येक खातेदाराकडून, ठरल्या हप्त्याने आणि रोख नाण्यात सारा घेण्याचा आग्रह पुढे वाढत गेला, आणि त्यामुळे कुणब्याचे जगणे बाजारभावाशी पूर्वी कधी नव्हते इतके जखडले गेले.

तोवर अंकुशी, चांदवडी अशी निरनिराळ्या टाकसाळींची नाणी एकाच बाजारात चालत आणि त्यांची झीज व कस पाहून सराफ बट्टा, म्हणजे दर्शनी किमतीतून कापायची रक्कम, ठरवीत असे. १८३५ च्या कायद्याने एक तोळा वजनाचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा एकच रुपया कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी ठरवला, आणि त्यामुळे बट्ट्याचा जाच हळूहळू कमी झाला, याचे श्रेय नव्या राजवटीला दिलेच पाहिजे. मात्र नाण्याचे वजन स्थिर झाले म्हणून त्याची खरेदीशक्ती स्थिर झाली नाही. लढाया थांबून लागवड वाढली, पेशव्यांचा दरबार आणि फौज यांची मागणी नाहीशी झाली आणि धान्याचे भाव उतरले. तेवढाच सारा भरण्यासाठी अधिक ज्वारी विकावी लागू लागली. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांच्या जमीन मोजणीने, जी १८३६ मध्ये इंदापुरात सुरू होऊन पुढे नगरकडे आली, साऱ्याचे दर उतरवून तीस वर्षांसाठी कायम केले, तरी देणे रोखीतच राहिले.

१८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, दख्खनचे भाव कडाडले, आणि ठरीव सारा भरणाऱ्यास ही महागाई काही काळ सुखाची ठरली. सावकारांनीही सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्जाचा आकडा मात्र तेजीतलाच राहिला.

हा आकडा कसा फुगे, हे कर्जरोख्यातच दिसते. मनोती म्हणून काही रक्कम आधीच कापून उरलेले पैसे कुळाच्या हाती पडत, पण स्टँपाच्या कागदावर पुरी रक्कम लिहिली जाई आणि निरक्षर कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी करी. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये हा दामदुपटीचा जुना नियम होता. पण १८५५ मध्ये व्याजदरावरील कायदेशीर मर्यादा उठली, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीनच वर्षे दिल्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी रोखा बदलून घेऊ लागला. प्रत्येक बदलात थकलेले व्याज मुद्दलात मिसळे, आणि दामदुपटीचा हिशेब त्या नव्या, फुगलेल्या मुद्दलापासून पुन्हा सुरू होई. कुळाच्या रक्षणासाठी केलेला कायदाच असा त्याच्या गळ्याशी आला, ही या साऱ्या इतिहासातील सर्वांत वेदनादायक गोष्ट आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे पेटलेला उठाव पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरला तेव्हा लोकांचा रोख मुख्यतः या कागदांवर होता. सावकाराकडून रोखे आणि हुकूमनामे मागून घेऊन ते जाळले गेले, आणि कागद मिळाल्यावर त्याच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला, आणि कर्जापायी होणारी कैद थांबवली. सावकारांनीही आपली रीत बदलली: गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून मागण्याचा प्रघात वाढला, आणि जमीन परत देण्याचे वचन केवळ तोंडी राहू लागले.