एक फोन, पाच संगणक आणि जावक-नोंदवही

शाळेच्या कचेरीतली जावक-नोंदवही आपल्या रोजच्या परिचयाची आहे. पाच शिक्षकांनी शिक्षणखात्याला पाच निरनिराळी पत्रे धाडली, तरी पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता एकच असतो, तो म्हणजे शाळेचा. उत्तरात 'आपले पत्र जा. क्र. १२७' असा उल्लेख असतो. कारकून नोंदवहीत १२७ समोरचे नाव पाहतो आणि पत्र योग्य शिक्षकाच्या हाती पडते. ही रीत ध्यानात ठेवली, की इंटरनेटच्या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण सहज उलगडते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९८च्या नोव्हेंबरात हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. तोवर जोडणी म्हणजे एक फोन, एक मोडेम आणि एक खाते. फोनचे बिल वेगळे. समजा, त्या काळी एखाद्या लहान कचेरीत पाच संगणक आहेत. पाच फोन आणि पाच खाती कोणाला परवडणार? पाचही संगणक एकाच जोडणीवर बसवावे, तर पत्त्याची अडचण आडवी येई. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता लागतो आणि फोनवरच्या जोडणीला पत्ता मिळे एकच.

पत्ते मुळातच मोजके होते. १९८१ साली ठरलेल्या नियमांनुसार पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, सुमारे ४२९ कोटी. १९९०नंतर हे पत्ते संपणार अशी चिंता तज्ज्ञांना वाटू लागली. दूरचा उपाय म्हणून १२८ बिटांच्या पत्त्याचा आराखडा डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, मे १९९४ मध्ये, केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तात्पुरता उपाय मांडला होता: आतले पत्ते आत, बाहेरचे बाहेर, आणि मध्ये पत्ते बदलणारे यंत्र. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असेच खास आतल्या वापरासाठी राखलेले आहेत. ते कोणत्याही कचेरीने वापरावेत. बाहेर त्यांना अर्थ नाही.

हे यंत्र म्हणजे आपला कारकूनच. संगणकाकडून निघणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर पत्त्याबरोबर १६ बिटांचा एक 'पोर्ट' क्रमांकही असतो. पाकीट बाहेर जाताना यंत्र आतला पत्ता पुसते, कचेरीचा पत्ता घालते, पोर्टच्या जागी स्वतःचा क्रमांक, उदाहरणार्थ ६१००१, लिहिते आणि नोंद ठेवते. उत्तर ६१००१ साठी आले, की नोंद पाहून ते योग्य संगणकाकडे पोहोचवते. पोर्ट क्रमांक म्हणजेच जावक क्रमांक!

असे तयार यंत्र महाग असे. मग लोकांनी ते घरीच जुळवले. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली फुकट मिळत होती. जून १९९६च्या तिच्या २.० आवृत्तीत ही सोय अंतर्भूतच होती. तिचे इंग्रजी नाव 'मॅस्करेडिंग', म्हणजे सोंग घेणे. अडगळीत टाकलेला ४८६ संगणक, मोडेम आणि एक नेटवर्क कार्ड एवढ्यावर सर्व्हर उभा राही. संगणक जोडणाऱ्या समाक्ष तारेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा रोध लावावा लागे. तो निघाला तर दोरीवरच्या लाटेप्रमाणे संकेत मोकळ्या टोकावरून परावर्तित होत आणि सगळ्या कचेरीचे काम ठप्प होई. भौतिकीच्या तासाला हे उदाहरण जरूर सांगावे.

इतका जुना संगणक पुरे कसा पडे? हिशेब करून पाहू या. ३३,६०० बिट प्रतिसेकंद वेगाच्या मोडेममधून सेकंदाला ४,२०० बाइट येतात. १,५०० बाइटांची पूर्ण भरलेली पाकिटे सेकंदाला तीनसुद्धा होत नाहीत. सेकंदाला कोट्यवधी सूचना पाळणाऱ्या ४८६ला हे काम किरकोळच. मात्र वाटणीने वेग वाढत नाही. पाचहीजणांनी एकदम मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८४० बाइट. एकजण पान वाचत असताना दुसऱ्याचे पान येते, म्हणून निभावे.

या सोयीची किंमतही पाहिली पाहिजे. नोंदवहीत फक्त जावक पत्रे आहेत. बाहेरून संदर्भ क्रमांकाविना पत्र आले, तर कारकून ते कोणाला देणार? ते परत जाते. त्यामुळे आगंतुकांपासून थोडे संरक्षण मिळते हे खरे. पण कोणत्याही संगणकाने कोणाशीही बरोबरीने बोलावे हा इंटरनेटचा मूळ विचार इथे लंगडा पडतो. आतला संगणक विचारू शकतो. त्याला कोणी विचारू शकत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर ठेवलेले पान जगाला दाखवायचे, तर नोंदवहीत आधी खास नोंद हवी.

३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले ३२ बिटांच्या पत्त्यांचे अखेरचे गट वाटले गेले. तात्पुरता उपाय मात्र टिकून आहे. आज घरोघरीच्या वायफायच्या डबीत तोच कारकून बसलेला असतो. कित्येक मोबाइल कंपन्या तर असंख्य ग्राहकांना थोड्या पत्त्यांमागे बसवतात. फरक एवढाच, की घरी जुळवलेल्या सर्व्हरची नोंदवही मालकाच्या हाती होती, खास नोंद तो स्वतः करू शके. कंपनीच्या नोंदवहीत आपल्याला लिहिता येत नाही.

वर्गात हा खेळ करून पाहावा. पाच मुले, एक कारकून, एक वही आणि बाहेर उभा असलेला उत्तर देणारा. खेळ रंगात आला, की क्रमांक नसलेली एक चिठ्ठी आत पाठवावी. मग मुलांना विचारावे: वही कोणाच्या हाती असावी?