डागणीपासून दुर्बिणीपर्यंत : अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेची हकिकत

वाचकहो, स्मरणिकेच्या पानांत आपण सहसा थोरांची चरित्रे वाचता, विद्येचे महत्त्व वाचता, संस्थेची वाटचाल वाचता. मी मात्र आज असा एक विषय घेऊन आपल्यापुढे येत आहे, जो चारचौघांत काढणे आपल्याकडे बरे समजले जात नाही. जांघेत किंवा बेंबीपाशी एखादी गाठ दिसू लागते, खोकले की ती फुगते, ओझे उचलले की आणखी खाली उतरते आणि माणूस आडवा झाला की गुपचूप आत जाते. डॉक्टर तिला हर्निया म्हणतात. जुनी माणसे अंतर्गळ म्हणत. घरात तर तिला नावच नसते. ‘त्यांना जरा खाली त्रास आहे’ एवढ्यावर भागवले जाते.

हा आजार विरळा नाही. जगभरची मोजदाद असे सांगते की आयुष्यभरात साधारण दर चार पुरुषांमागे एकाला जांघेचा हर्निया होतो. स्त्रियांत हे प्रमाण पुष्कळ कमी, शेकडा तीनच्या आसपास. परंतु त्यांच्यात आतडे अडकण्याचा धोका अधिक. म्हणजे अर्नाळ्याला जाळे ओढणारे, मिठागरात टोपल्या वाहणारे, वसई-नालासोपाऱ्याच्या गाळ्यांतून पोती उचलणारे असे कितीजण आज कंबरेला काहीतरी आवळून कामावर जात असतील, याचा अंदाज आपणच करावा.

माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात एक वयस्क चाचा होते. पहाटे डोक्यावर पावाची पाटी घेऊन निघत. त्यांच्या लुंगीखाली एक कातडी पट्टा असे आणि त्याला आतून एक गुबगुबीत उशी शिवलेली असे, हे आम्हां पोरांना ठाऊक होते आणि आम्ही त्यावर हसतही असू. एका पावसाळी रात्री त्यांची गाठ आत जाईना. पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या. शेवटची गाडी निघून गेली होती. सकाळच्या पहिल्या गाडीने त्यांना खाडीपलीकडे मुंबईस नेले, पण फार उशीर झाला होता. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की काही तासांतच ते सडू लागते, हे मला फार पुढे, पुस्तकांतून कळले. त्या रात्री कोणाला काही कळले असते तरी रेल्वेचे वेळापत्रक बदलले नसतेच. परंतु चाचांजवळ त्याआधी निदान दहा वर्षे होती. ती त्यांनी भीतीत आणि लाजेत घालवली.

ही भीती निव्वळ अडाणीपणाची नव्हे. तिला हजारो वर्षांचा आधार आहे. सुश्रुतसंहितेत वृषणकोशात उतरलेली अंत्रवृद्धी असाध्य ठरवली आहे. गाठ जांघेतच असेल तर अर्धचंद्राकृती तोंडाच्या लोखंडी सळईने तेथे डाग द्यावा, असे सांगितले आहे. ज्या काळात आपले सोपारे अरब भूगोलवेत्त्यांच्या ग्रंथांत ‘सूबारा’ या नावाने नोंदले जात होते, त्याच सुमारास, इसवी सन 1000च्या आसपास, अंदलुसमधील कुर्तुबा येथे अबुल कासिम अल्-जहरावी हा थोर जर्राह आपला तीस भागांचा ‘किताब अल्-तसरीफ’ पूर्ण करीत होता. त्याच्या शेवटच्या भागात शस्त्रक्रियेची सुमारे दोनशे हत्यारे चित्रांसह दिली आहेत. अंतर्गळावर तोही डागच सांगतो. मात्र आतडे आधी आत ढकलावे, डागताना ते बाहेर येऊ देऊ नये, नाहीतर ते भाजेल आणि रोगी दगावेल, असा इशारा तो देतो. डागल्याने कातडी आणि खालचा मांसल भाग आकसून घट्ट होईल व वाट बंद होईल, हा दोघांचाही हिशेब. भुलीचे औषध नाही, जंतूंची कल्पना नाही. अशा काळी याहून शहाणपणाचे काही सुचणे कठीणच होते. आपल्या खेड्यापाड्यांतून पोटदुखीला, काविळीला डाग देण्याची चाल परवापरवापर्यंत होती, तिची मुळे इतकी खोल आहेत.

खरी शस्त्रक्रिया आली ती 19व्या शतकाच्या अखेरीस. इटलीत पादुआ येथे एदुआर्दो बस्सिनी यांनी 1884पासून जांघेतील थर एकेक उलगडून पुन्हा शिवण्याची पद्धत बसवली. पण या शिवणीत एक उणीव होती. दूर गेलेले दोन काठ ओढून एकत्र शिवायचे म्हणजे टाक्यांवर ताण येणारच. आणि ताण आला की कापड जसे टाक्याजवळ फाटते तसे मांसही सुटते. हर्निया पुन्हा होई, दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागे आणि गावात बोलले जाई की ‘त्याचे ऑपरेशन फुकट गेले’. यावर तोड म्हणजे ठिगळ. अमेरिकेत अशर यांनी 1958 साली प्लास्टिकच्या धाग्याच्या जाळीचा उपयोग प्रसिद्ध केला आणि 1989मध्ये लॉस एंजेलिसचे लिख्टेनस्टाइन यांनी ताण न देता जाळी लावण्याची आपली पद्धत मांडली. जागेपुरती भूल देऊन, पाऊण तासात होणारे हे काम आजही जगभर चालते.

आता दुर्बिणीकडे वळू. जर्मनीत केलिंग यांनी 1901 साली कुत्र्याच्या पोटात हवा भरून नळीतून आत पाहिले. स्वीडनमध्ये याकोबेउस यांनी 1910मध्ये माणसाच्या पोटात पाहिले. त्यानंतर बराच काळ हे पाहण्यापुरतेच राहिले. आपल्याकडे हे साधन शल्यचिकित्सेत रुजवण्याचे श्रेय मुंबईच्या डॉ. तेहेमटन उदवाडिया यांचे. जे. जे. इस्पितळात 1972पासून ते पोटाच्या रोग्यांची दुर्बिणीने तपासणी करू लागले. क्षयाने की कर्करोगाने पोटात पाणी झाले आहे, हे ठरवण्यासाठी एरवी अख्खे पोट उघडावे लागे. ते काम बोटभर छेदातून होऊ लागले. त्याच इस्पितळात 1990 साली त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातली ही पहिलीच अशी शस्त्रक्रिया. हे श्रीमंतांचे चोचले आहेत, गरीब देशाला ते परवडणारे नाहीत, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. उदवाडियांचे म्हणणे उलटे होते : ज्याचे पोट हातावर आहे त्यालाच लवकर कामावर जाण्याची खरी निकड असते, तेव्हा लहान छेदाची गरज त्यालाच अधिक. मला हा युक्तिवाद त्यांच्या सर्व मानसन्मानांहून मोठा वाटतो. ते 2023 साली निवर्तले.

हर्नियावर दुर्बीण आली ती थोड्या आडवाटेने. राल्फ गेर यांनी 1982मध्ये पोटाच्या आतून हर्नियाचे तोंड बंद करण्याविषयी लिहिले, आणि 1990नंतरच्या दोन-तीन वर्षांत आतून जाळी बसवण्याच्या पद्धती निघाल्या. यातली युक्ती समजण्यासाठी आपण घरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. भोकावर बाहेरून ठिगळ लावले तर पाण्याचा दाब ते ढकलून काढू पाहतो. तेच आतून लावले तर तोच दाब त्याला भिंतीवर दाबून धरतो. दुर्बिणीने नेमके हेच साधते. तीन लहान छिद्रे पाडतात. कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, भरून जागा करतात. मग पोटाचा पातळ पडदा आणि स्नायू यांच्यामध्ये साधारण 10 बाय 15 सेंटिमीटरची जाळी पसरतात. जांघेत हर्निया ज्या ज्या वाटांनी उतरू शकतो त्या सगळ्या एका जाळीखाली झाकल्या जातात, आणि दोन्ही बाजूंचा हर्निया असेल तर त्याच छिद्रांतून दोन्हींचे काम होते. बेंबीच्या किंवा जुन्या टाक्यांच्या हर्नियावरही 1993पासून असे उपाय प्रसिद्ध होऊ लागले. मात्र तेथे जाळी थेट आतड्यावर टेकली तर चिकटण्याची भीती, म्हणून खास लेप दिलेली महाग जाळी वापरावी लागते.

तेव्हा दुर्बीण म्हटले की सगळे उत्तमच, असे मात्र समजू नका. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या इस्पितळांतून झालेला एक मोठा अभ्यास 2004मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच झालेल्या हर्नियाचे दुर्बिणीने ऑपरेशन झालेल्यांत दोन वर्षांत शेकडा 10 जणांना तो पुन्हा झाला. उघड्या जाळीच्या ऑपरेशनात हे प्रमाण शेकडा 4 होते. पण ज्या सर्जनांच्या हातून अडीचशेहून अधिक अशी ऑपरेशने झाली होती, त्यांच्याकडे हा फरक उरला नाही. दुर्बिणीला बहुधा पूर्ण भूल लागते. ज्याचे हृदय वा फुफ्फुस दुबळे आहे त्याला जागेपुरती भूल देऊन केलेले जुनेच बरे. स्त्रियांसाठी मात्र आजचे जाणकार, सोय असल्यास, दुर्बीणच सुचवतात, कारण मांडीच्या मुळाशी लपलेला दुसरा हर्निया तीत सुटत नाही.

उरला पैशाचा प्रश्न. येथे आपल्या महाराष्ट्रातल्या एका आडगावाचे नाव घेतलेच पाहिजे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील सर्जन डॉ. रवींद्र टोणगावकर यांच्या लक्षात आले की परदेशी जाळीची किंमत त्यांच्या रोग्यांना झेपत नाही, आणि ती जाळी ज्या जातीच्या प्लास्टिकची असते त्याच्या जवळपासचेच कापड बाजारात मच्छरदाणीसाठी मिळते. ते कापड निर्जंतुक करून त्यांनी वापरले. इतर गावांतल्या सर्जनांनीही वापरून पाहिले, आणि 2003 साली या सर्वांचा अनुभव भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात छापून आला. पुष्कळांनी नाके मुरडली. पुढे आफ्रिकेत युगांडामध्ये 302 पुरुषांवर रीतसर तुलना झाली. एका गटाला सव्वाशे डॉलरच्या आसपासची जाळी, दुसऱ्याला एका डॉलरच्या आतबाहेरची, मच्छरदाणीच्या कापडाची. वर्षभरानंतर स्वस्त गटात केवळ एकाचा हर्निया परत आला होता; त्रास-तक्रारी दोन्हीकडे सारख्याच. हा निष्कर्ष 2016 साली जगातील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकाने छापला. (कोणी घरची मच्छरदाणी कापून डॉक्टरांकडे नेऊ नये! धागा कोणता, कीटकनाशक आहे की नाही, वाफेच्या उष्णतेत तो टिकतो का, हे सारे पाहावे लागते.) पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीच वगळली. रोग्याच्या स्वतःच्या स्नायूच्या पापुद्र्याची पट्टी घेऊन ते भिंत मजबूत करतात. 2001मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली आणि 2012 साली पोलंडमध्ये 208 रोग्यांच्या तुलनेत ती जाळीच्या तोडीस उतरली : तीन वर्षांत दोन्हीकडे दोन-दोनच हर्निया परतले.

ही दोन्ही कामे उघड्या शस्त्रक्रियेची, दुर्बिणीची नव्हेत, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. तरी मी ती मुद्दाम येथे आणली. आज वसई-विरारमध्ये दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया’ ही अक्षरे ठळक दिसतात, आणि ज्याच्या खिशात तेवढे पैसे नसतात तो पाटी वाचून परत फिरतो. त्याला वाटते, आपल्यासाठी काही नाही. त्याच्यासाठीही चांगले, पारखून घेतलेले उपाय आहेत. डॉक्टरांना त्याने सरळ विचारावे : माझ्यासाठी कोणती पद्धत, का, आणि आपल्या हातून अशी किती झाली आहेत? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

गाठ लहान आहे, दुखत नाही, झोपले की आत जाते, अशा पुरुषाला काही काळ डॉक्टरांच्या नजरेखाली थांबताही येते. मात्र ती एकदम कडक झाली, दुखू लागली, आत जाईना आणि जोडीला उलट्या सुरू झाल्या, तर ती चोळू नये, शेक देऊ नये, सकाळची वाट पाहू नये. पट्टा सोडावा, रोग्याला खायला-प्यायला काही देऊ नये आणि त्याच घटकेस मोठ्या इस्पितळाची वाट धरावी. आमच्या चाचांची पावाची पाटी पुढे कितीतरी दिवस त्यांच्या ओसरीवर उपडी पडलेली होती.